उपदेश दुबळ्याला, अभय बळवंताला

इ. स. १८०७. लंडन शहरात त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा संमत केला. आणि त्याच शहरातील एका छापखान्यातून वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी खास निवडून काढलेले बायबल बाहेर पडले. पहिल्या घटनेचा गौरव शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून होतो. दुसऱ्या घटनेची आठवण फारशी कोणी काढत नाही.

हे बायबल संपूर्ण नव्हते. प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत. गुलामांच्या हाती देण्यासाठी तयार केलेल्या या ग्रंथात त्यांपैकी केवळ २३२ अध्यायांतील मजकूर ठेवला होता. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग गाळला होता. काय गाळले आणि काय राखले, हे पाहिले की गाळणाऱ्यांच्या मनाचा तळ दिसतो. भावांनी विकल्यामुळे गुलाम झालेला आणि परक्या देशात इमानाने राबणारा योसेफ राखला. परंतु फारोच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवून नेणारा मोशे गाळला. दासांनी भीतभीत धन्याच्या आज्ञेत राहावे, असे सांगणारा इफिसकरांस पत्रातील भाग राखला. परंतु ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे सांगणारे गलतीकरांस पत्रातील वचन गाळले. अन्यायी साम्राज्याच्या विनाशाचे चित्र रंगवणारे प्रकटीकरणाचे पुस्तकही गाळले. या ग्रंथाच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत. त्यांतील एक अमेरिकेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाकडे असून २०१८-१९ मध्ये ती वॉशिंग्टनमधील बायबल संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवली होती.

या उपक्रमामागे लंडनचे बिशप बिल्बी पोर्टियस यांनी १७९४ मध्ये स्थापन केलेली संस्था होती. हे पोर्टियस क्रूरकर्मा नव्हते. गुलामांच्या व्यापाराला विरोध करणाऱ्या मोजक्या बिशपांत त्यांची गणना होते, आणि १७८३ मध्ये त्यांनी आपल्याच चर्चला गुलामांच्या हालांबद्दल खडे बोल सुनावले होते. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे. दयाळू माणसाच्या संस्थेलाही मळेवाल्यांच्या फाटकातून आत शिरण्यासाठी ईश्वराच्या शब्दाला कात्री लावावी लागली. मुक्तीची कथा बाहेर ठेवूनच मुक्तीच्या प्रचारकाला आत प्रवेश मिळाला.

बाप्तिस्म्याने काय बदलले?

ख्रिस्ती धर्मोपदेशाचा एक दावा जगभर, आणि भारतात विशेष आवाजात, ऐकू येतो. हा धर्म पीडितांचा आहे. जो येईल त्याला समतेचे स्थान आहे. पाण्याचा एक शिडकावा झाला की जुन्या समाजाने कपाळी मारलेला शिक्का पुसला जातो. हा दावा इतिहासाच्या न्यायासनापुढे उभा केला, तर काय दिसते?

सतराव्या शतकातील इंग्रजांमध्ये एक समजूत होती, की ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलामीत ठेवू नये. साहजिकच मळ्यांच्या मालकांना धास्ती वाटू लागली, की गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो हातचा जाईल. ही धास्ती दूर करण्यासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने १६६७ मध्ये कायदाच केला: बाप्तिस्म्यामुळे कोणाही व्यक्तीच्या गुलामीत बदल होणार नाही. कायद्याचा हेतूही त्यातच नमूद होता. मालकांची ही शंका फिटली म्हणजे ते अधिक निर्धास्तपणे गुलामांमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार होऊ देतील! १७२७ मध्ये लंडनचे तत्कालीन बिशप एडमंड गिब्सन यांनी मळेवाल्यांना लिहिलेल्या पत्रातही हेच अभय दिले, की ख्रिस्ती होण्याने माणसाच्या लौकिक स्थितीत, म्हणजेच मालकाच्या मालमत्तेत, काहीही फरक पडत नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. गुलामाला सांगितले जात होते, की तुझा आत्मा मुक्त झाला. मालकाला सांगितले जात होते, की त्याचे शरीर तुझेच राहील. एकाच तोंडाने दोन कानांत दोन निरोप दिले जात होते. आणि गुलामाला मिळालेले वचन मेल्यानंतर वटणारे होते. मालकाला मिळालेले वचन त्याच दिवशी रोख वटत होते.

चर्च केवळ उपदेश करून थांबले असते, तरी एक वेळ भागले असते. ते स्वतः मालक होते. ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाचा मळेवाला १७१० मध्ये वारला. बार्बाडोस बेटावरील आपले उसाचे मळे, त्यांवर राबणाऱ्या गुलामांसह, त्याने इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेला मृत्युपत्राने दिले. परदेशांत शुभवर्तमान पोहोचवण्यासाठी १७०१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिच्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ही भरपाई पिढ्यान् पिढ्या राबलेल्या गुलामांना नव्हे, तर ‘मालमत्ता’ गमावलेल्या मालकांना मिळाली. या धर्मप्रसारक संस्थेच्या पदरातही आठ हजारांहून अधिक पौंड पडले. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने या साऱ्याबद्दल माफी मागितली ती २००६ मध्ये. ज्यांच्या छातीवर तो शब्द उमटला होता, त्यांच्या हाडांचीही तोवर माती झाली होती.

जखमेवर वचनाचे मीठ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत धर्मवचनांचा हा व्यवहार पूर्णत्वास गेला. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाने आपल्या नातवाला, हामाचा मुलगा कनान याला, दासांचा दास होण्याचा शाप दिल्याची कथा आहे. त्या कथेत काळ्या वर्णाचा उल्लेख नाही, आफ्रिकेचाही नाही. तरीही शतकानुशतके व्यासपीठावरून सांगितले गेले, की काळा माणूस हामाच्या शापाचे फळ भोगतो आहे. म्हणजे ज्याच्या पाठीवर आसूड पडत होता, त्यालाच आसुडाचे कारण ठरवण्यात आले.

१८२२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे डेन्मार्क व्हेसी या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने गुलामांच्या उठावाची योजना आखल्याचा आरोप झाला. तो आणि त्याचे अनेक साथीदार कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चर्चशी जोडलेले होते, आणि इस्रायली लोकांच्या मुक्तीची कथा ते एकमेकांना सांगत. व्हेसीसह ३५ जणांना फाशी देण्यात आली आणि ते चर्च जमीनदोस्त करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॅप्टिस्ट धर्मोपदेशक रिचर्ड फर्मन यांनी राज्याच्या गव्हर्नरांना निवेदन सादर केले. गुलाम बाळगण्याच्या हक्काला पवित्र शास्त्राचा स्पष्ट आधार आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. निर्गमाची कथा वाचणारे फासावर गेले आणि शास्त्राधार देणारे सन्मानाने नांदले.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून निसटलेला आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला वक्ता. १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्याने आपल्या मालकाची हकीकत सांगितली आहे. हा मालक १८३२ मध्ये मेथडिस्टांच्या एका धर्ममेळाव्यात गेला आणि त्याचे हृदयपरिवर्तन झाले. आता तो गुलामांना सोडील, निदान माणसासारखे वागवील, अशी आशा डग्लसला वाटली. घडले उलटेच. आधी तो केवळ क्रूर होता. आता त्याच्या क्रौर्याला शास्त्राचे पाठबळ मिळाले. एका अपंग तरुणीला बांधून चाबकाने फोडून काढताना तो लूकच्या शुभवर्तमानातील, धन्याची इच्छा जाणूनही न वागणाऱ्या सेवकाला पुष्कळ फटके मिळतील, हे वचन म्हणत असे. त्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत, धर्मोपदेशकांच्या पंगती उठत. अंगणात मात्र माणसे उपाशी होती.

डग्लसचे पुस्तक निघाले त्याच १८४५ साली, मे महिन्यात, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संघटना स्थापन झाली. पुढे ती अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना बनली. उत्तरेकडील बॅप्टिस्टांशी तिचा तंटा कशावरून झाला? गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून नेमावे की नाही, यावरून! दक्षिणेचे उत्तर होते, की अवश्य नेमावे. जगाला उद्धाराचा निरोप सांगायला निघालेल्या माणसाच्या घरी माणसे विकत घेतलेली असली, तरी त्या निरोपाला बाध येत नाही, असा त्याचा अर्थ. या संघटनेने १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी, माफीचा ठराव केला. तिच्या प्रमुख धर्मशिक्षण संस्थेच्या चार संस्थापकांनी मिळून पन्नासहून अधिक गुलाम बाळगले होते, असे त्या संस्थेच्याच २०१८ मधील अहवालाने मान्य केले आहे.

आजीने न ऐकलेली पत्रे

या अंधारात एक वृद्धा दिव्यासारखी उभी आहे. हॉवर्ड थर्मन हे अमेरिकेतील नामवंत कृष्णवर्णीय धर्मचिंतक. त्यांच्या आजीचा जन्म गुलामीत झाला होता. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. परंतु पौलाची पत्रे ती त्याला वाचू देत नसे. क्वचित कधी प्रेमाची महती सांगणारा करिंथकरांस पत्रातील अध्याय तेवढा चाले. पुष्कळ वर्षांनी नातवाने कारण विचारले. तिने सांगितले, की मालकाचा गोरा पाद्री मळ्यावर येई, तेव्हा त्याचा विषय नेहमी एकच असे: दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे. तिने त्याच वेळी मनाशी ठरवले होते, की स्वातंत्र्य मिळाले आणि वाचता आले, तर ग्रंथाचा तो भाग वाचायचा नाही. लंडनच्या विद्वानांनी मालकांच्या सोयीसाठी बायबल कापले; या निरक्षर स्त्रीने माणसाच्या प्रतिष्ठेसाठी ते कापले. दोघांपैकी धर्म कोणाला कळला होता, हे सांगायला पंडित लागत नाही.

हेच थर्मन १९३५-३६ मध्ये भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले. कोलंबो येथे एका कायदेपंडिताने त्यांना गाठून विचारले: ख्रिस्ती राष्ट्रांनी तुमच्या पूर्वजांना पकडून विकले, ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्या विक्रीला आशीर्वाद दिला, आणि तुम्ही त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून येथे कसे येता? हा जगातील कृष्णवर्णीयांचा विश्वासघात नव्हे काय? त्या प्रश्नाने थर्मन यांचा पिच्छा सोडला नाही. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या ग्रंथाची सुरुवातच त्या प्रसंगाने होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोली येथे ते महात्मा गांधींना भेटले. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी त्या भेटीत काढले.

ते उद्गार खरे झाले. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात येऊन गेले. १९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे त्यांनी वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हा त्या राज्यातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, सात ख्रिस्ती आणि एक ज्यू रब्बी, जाहीर पत्रक काढले. ते पत्रक वर्णभेद लादणाऱ्या सत्तेविरुद्ध नव्हते. सत्याग्रहींना उद्देशून होते. निदर्शने अविवेकी आणि अवेळी आहेत, धीर धरावा, न्यायालयात जावे, असा उपदेश त्यात होता. किंग यांना अटक झाली तो दिवस गुड फ्रायडेचा होता. तुरुंगातून त्यांनी या धर्मगुरूंना लिहिलेले दीर्घ पत्र आज जगभर वाचले जाते. उघड शत्रूपेक्षा न्यायाआधी शांतता मागणारा सौम्य सज्जन अधिक निराश करतो, ही त्यातली मुख्य वेदना. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. त्याच शहरातील कृष्णवर्णीयांच्या सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि ११ ते १४ वर्षांच्या चार मुली मरण पावल्या. त्या दिवशीच्या धर्मपाठाचा विषय होता क्षमा करणारे प्रेम. क्षमेचा पाठ घेणाऱ्या मुली मेल्या. बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या वस्तीतील व्यासपीठांवरून न्यायाचा पाठ तोवर कोणी दिला होता?

दक्षिण आफ्रिकेतही हीच कहाणी. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बलते’चा मान राखून कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांची उपासना वेगळी करण्यास संमती दिली. अपवाद म्हणून आलेली ही प्रथा पुढे सिद्धान्त बनली. १९४८ मध्ये वर्णभेदाचे राज्य आणणारे पंतप्रधान डी. एफ. मलान हे त्या चर्चचे माजी धर्मोपदेशकच होते. बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेवरून ईश्वरालाच वंशांचे विभाजन हवे आहे, असा अर्थ काढला गेला. सत्ताधीशांच्या अधीन राहण्याचा रोमकरांस पत्रातील तेरावा अध्याय आंदोलकांच्या तोंडावर फेकला गेला. शेवटी १९८५ मध्ये तेथीलच ख्रिस्ती विचारवंतांनी ‘कैरोस’ हा दस्तऐवज प्रसिद्ध करून राज्यसत्तेची री ओढणाऱ्या आणि न्यायाशिवाय समेट मागणाऱ्या अशा दोन्ही धर्मशास्त्रांचे वाभाडे काढले.

दोन मापे, एक तराजू

यावर ठरलेले उत्तर येते: हा दोष माणसांचा, धर्माचा नव्हे. क्वेकर पंथीयांनी १६८८ मध्येच जर्मनटाऊन येथे गुलामगिरीचा निषेध केला होता. विल्बरफोर्स ख्रिस्ती होते. डग्लस आणि किंगही ख्रिस्तीच होते. हे सारे खरे आहे आणि प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. किंग यांच्यासारख्यांची श्रद्धा हा मानवजातीचा ठेवा आहे. शेजारी राहणाऱ्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबावर व्हर्जिनियाच्या कायद्याचे पाप लादणे हाही अन्यायच होईल.

परंतु हे उत्तर मान्य केले, की दुसरा प्रश्न उभा राहतो. स्वतःच्या धर्माची परीक्षा ग्रंथातील उत्तम वचनांवरून करायची आणि हिंदू धर्माची परीक्षा मात्र गावकुसाबाहेरील वस्तीवरून करायची, हा कोणता न्याय? मळ्यावरील आसूड ही ‘माणसांची चूक’ आणि पाणवठ्यावरील बंदी हे ‘धर्माचे सार’, असे भारतात प्रचारासाठी येणारे किती काळ सांगणार? तराजू एकच असेल, तर मापेही एकच असली पाहिजेत. आदर्शाची तुलना आदर्शाशी करावी, आचरणाची आचरणाशी.

आणि भारतातील आचरणाचे काय? केरळमध्ये पोयकयिल योहन्नान हे पुलय, परय अशा एकेकाळी गुलामीत असलेल्या समाजांतून पुढे आलेले ख्रिस्ती उपदेशक. चर्चमध्ये जातिभेदाचाच अनुभव आल्यावर ते बाहेर पडले. या ग्रंथात रोमकरांना, करिंथकरांना पत्रे आहेत. त्रावणकोरच्या पुलयांना लिहिलेले पत्र कुठे आहे, असा त्यांचा सवाल सांगितला जातो. १९०९ च्या सुमारास त्यांनी ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’ स्थापन केली. नावातच त्यांची मागणी होती: रक्षण मेल्यावर नको, येथे, डोळ्यांदेखत हवे. गोव्यात चर्चच्या जुन्या कॉन्फ्रारिया मंडळांतील जातवार मानपान पिढ्यान् पिढ्या टिकले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मधील धोरणपत्रात चर्चमध्ये दलितांना भेदभाव सोसावा लागतो, याची कबुली दिली. आणि दलित समाजातील पहिला कार्डिनल भारताला लाभला तो २०२२ मध्ये.

महात्मा फुले यांचे उदाहरण या संदर्भात मनन करण्यासारखे आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याबद्दल त्यांनी कृतज्ञता बाळगली. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तरीही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. गुलामी तोडणाऱ्यांना वंदन आणि कोणाही मध्यस्थाला नकार, ही त्यांची भूमिका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर या प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवले. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ते दाखवून देतात, की मिशनऱ्यांनी मतांतरितांमधील जातिभेदाशी झुंज दिली नाही. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अस्पृश्याची अधोगती अन्यायी समाजरचनेमुळे झालेली असताना त्याला शिकवण मिळते ती त्याच्या स्वतःच्या पापाची. मग समाज बदलण्याची जिद्द त्याच्यात यावी कोठून? सर्व धर्मांचा अभ्यास करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी याच भूमीतील बुद्धाचा मार्ग स्वीकारला. तो निर्णय घेताना ख्रिस्ती मताचा पर्याय त्यांच्यासमोर नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आरसा फिरवला तर

हा सारा इतिहास वाचून हिंदू वाचकाने समाधानाचा ढेकर देऊ नये. दुसऱ्याच्या घरातील जळमटे मोजल्याने आपले घर झाडले जात नाही. उपेक्षितांना गतजन्मीच्या पापाची फळे निमूट भोगण्याचा सल्ला देणारी प्रवचने महाराष्ट्राच्या मातीतही झाली. हामाचा शाप आणि पूर्वजन्मीचे पातक या दोहोंत, पीडितालाच पीडेचे कारण ठरवण्याच्या बाबतीत, कोणता फरक आहे? १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचे दार ठोठावणाऱ्यांसमोर ते उघडले नाही. पाच वर्षे सत्याग्रह चालला आणि दार बंदच राहिले. त्या दाराआड उभे राहून वचने म्हणणारे कोणी परके नव्हते.

भूषणाची गोष्ट एवढीच, की याच समाजात बळवंताच्या तोंडावर बोलणारेही निपजले. पैठणच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर कडेवर घेणाऱ्या एकनाथांची कथा वारकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. गाडगेबाबांनी कीर्तनात समोर बसलेल्या श्रोत्यांचीच झडती घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीत सनातन्यांचा रोष पत्करला आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरीच्या विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी प्राण पणाला लावले. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी निःसंदिग्धपणे सांगितले, की अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही. या सर्वांचा रोख दुबळ्यावर नव्हता. त्यांनी दार अडवून बसलेल्यांना जाब विचारला.

धर्मोपदेशाची कसोटी येथेच आहे. दुःखिताला धीर देणे सोपे. त्यात उपदेशकाचे काही जात नाही. दुःख देणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन तेच वचन त्याला ऐकवणे कठीण. त्यात देणगी जाते, मान जातो, कधी प्राणही जातो. लंडनच्या संस्थेने मळेवाल्याला मोशेची कथा ऐकवली नाही, म्हणून तिचा उपदेश खोटा ठरला. बर्मिंगहॅमच्या धर्मगुरूंनी धीर धरण्याचे पत्रक तुरुंगाच्या दिशेने पाठवले, राज्याच्या सत्तेकडे नाही, म्हणून ते इतिहासात आरोपी ठरले. ज्या हिंदू कीर्तनकाराला समतेची ओवी पाठ आहे, परंतु गावच्या पाटलासमोर ती आठवत नाही, त्याचाही निवाडा याच कसोटीने होईल.

तेव्हा समतेचे आश्वासन घेऊन कोणी वस्तीत आला, तर त्याला आधी एवढेच विचारावे: हा अध्याय तुमच्या मळेवाल्यांना वाचून दाखवला होता का? आणि हा प्रश्न विचारण्याचा अधिकार राखायचा असेल, तर हिंदू समाजाने त्या वस्तीत आधी पोहोचले पाहिजे. हातात ग्रंथ असो वा नसो. गावच्या पाणवठ्यावर, मंदिरात, लग्नाच्या पंगतीत आणि स्मशानात जिथे जिथे एखादे दार अजून अर्धेच उघडे असेल, तिथे ते पुरते उघडण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. ते काम दुसऱ्या कोणाच्या पापांची यादी वाचून संपणारे नाही.